सल्ला हवा: १९६९च्या रोड रनरच्या ३८३ इंजिनाला कोणता कार्ब्युरेटर बसवावा?

मिशिगनचा_बाळ्या

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

माझ्याकडे १९६९ची प्लिमथ रोड रनर आहे (क्रायस्लरची जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची जोरदार गाडी). इंजिन ३८३ क्युबिक इंचाचं, कार्ब्युरेटर (कार्ब) चार बॅरलचा, म्हणजे हवेची चार तोंडं असलेला. गाडी सकाळी पहिल्या चावीला सुरू होते. पण तापल्यावर पेट्रोल भरायला थांबलो की परत सुरू करताना स्टार्टर फिरवून फिरवून जीव जातो. सिग्नलला आयडलिंग वर-खाली होतं. पेडल एकदम दाबलं की आधी गुदमरते आणि मग उसळी मारते. प्लग काढून बघितले तर काळे. कार्ब मूळचा कार्टर एव्हीएस आहे, थ्रॉटलचा शाफ्ट हाताने हलवला तर चक्क खडखडतो.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळा) गाडी न्यायची आहे, तिथे बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं नाहीये. ऑफिसातला एकजण म्हणतो हॉली कंपनीचा ७५० सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा घेणारा) डबल पंपर कार्ब टाक, दुसरा म्हणतो कार्ब फेक आणि फ्युएल इंजेक्शन बसव. माझ्याकडे पाने, टायमिंग लाइट आणि शनिवार-रविवार एवढंच आहे. काय घेऊ आणि बसवताना काय सांभाळू?

आगाऊ धन्यवाद.

रंकाळ्याचा_राजा

मसल कारमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण आमच्याकडे आरएक्स १००ला मोठा मिकुनी लावणारी पोरं पैशाला पासरी. आवाज झकास येतो, खालचं पिकअप मात्र पार जातं. त्यामुळे ७५० ऐकूनच शंका आली. बाकी चालू द्या, वाचतोय. फोटो टाका राव!

तेलकट_हात

राजाभाऊंची शंका रास्त आहे. हिशोब सोपा आहे: क्युबिक इंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. तुमचं ३८३ इंजिन ५५०० आरपीएमला धरलं तर साधारण ६१० सीएफएम येतात, तेही इंजिन शंभर टक्के भरतंय असं धरून. रस्त्यावरचं इंजिन तेवढं भरत नाही. ८५ टक्के धरा, म्हणजे ५१८ झाले. ६०० ते ६५०चा कार्ब पुरून उरतो. रेस लावणाऱ्याला, मोठा कॅम (झडपा उघडणारा दांडा) आणि हेडर्स (एक्झॉस्टच्या मोकळ्या नळ्या) असलेल्याला ७५० शोभतो. सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याला त्याचा जाचच होतो, कारण खालच्या आरपीएमला हवेचा वेग कमी पडतो आणि पेट्रोल नीट ओढलं जात नाही.

पण खरेदीच्या आधी दोन-तीन गोष्टी विचारतो. गिअरबॉक्स कोणता? कॅम मूळचा आहे का? आणि डिस्ट्रिब्युटरातले पॉइंट्स (ठिणगीचे संपर्क), ड्वेल (ते मिटलेले राहतात तो कोन), टायमिंग (ठिणगीची वेळ) शेवटचं कधी बघितलं? कार्बच्या नावाने फाडलेल्या निम्म्या बिलांचा खरा दोष डिस्ट्रिब्युटरात असतो. आधी इग्निशन बांधून घ्या, मगच पाकिटाला हात घाला.

मिशिगनचा_बाळ्या

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, टॉर्कफ्लाइट ७२७. कॅम मूळचा आहे असं विकणारा म्हणाला. मॅनिफोल्डही मूळचं, लोखंडी. बॉनेट साधं, एअर ग्रॅबर (बॉनेटमधून बाहेरची हवा घेणारी सोय) नाही.

तुमची पोस्ट वाचून काल पॉइंट्स बदलले, ड्वेल आणि टायमिंग लावलं. आयडलिंग पुष्कळ सुधारलं, पण गुदमरणं आणि गरम असताना न पेटणं तसंच आहे. शाफ्टच्या टोकाशी थोडा क्लीनर फवारला तर आरपीएम बदलतो.

तेलकट_हात

म्हणजे शाफ्टमधून हवा आत जातेय, निदान पक्कं झालं. (पुढच्या वेळी क्लीनर थंड इंजिनावर आणि बेतानेच. एक्झॉस्ट जवळच असतो.)

माझं मत: एडेलब्रॉकचा एव्हीएस२, ६५० सीएफएम, इलेक्ट्रिक चोकवाला. तुमच्या कार्टर एव्हीएसचाच तो वंशज आहे. मागच्या दोन बॅरलवर स्प्रिंगने धरलेली हवेची झडप असते. इंजिन हवा मागेल तशी ती उघडते आणि तिचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येतो. पेडल तळाला नेल्यावर गुदमरली तर तो ताण किंचित वाढवायचा. दुसरा फायदा ट्यूनिंगचा. वरच्या छोट्या पट्टीचा एक स्क्रू सैल केला की मीटरिंग रॉड (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या काड्या) आणि स्प्रिंग चिमटीत धरून बाहेर येतात, कार्ब उघडावा लागत नाही. हॉलीचा जेट बदलायचा म्हणजे बाऊल (पेट्रोलची वाटी) उतरवा, पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडा, गॅस्केट फाडा. हॉली वाईट नाही, त्यांचा ४१६० व्हॅक्यूम सेकंडरी (मागचे बॅरल व्हॅक्यूमने उघडणारा) घेतलात तरी गाडी छान चालेल. पण तुमच्या जुन्या मॅनिफोल्डवरच्या बोल्टच्या जागा कार्टरच्या मापाच्या आहेत, त्याला अॅडॅप्टर लागेल. एडेलब्रॉकच्या बुडाला दोन्ही मापांची भोकं असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. कार्ब चार बोल्टवर बसतो, त्यात काही नाही. लोक गोत्यात येतात ते बाजूच्या जोडण्यांमध्ये.

किकडाउन. ७२७ला कार्बपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची साखळी जाते. नावावरून वाटतं की ओव्हरटेकच्या वेळी खालचा गिअर पडायला तेवढी ती लागते, एरवी नसली तरी चालेल. अजिबात नाही! थ्रॉटल किती उघडलाय हे त्या सळीवरून गिअरबॉक्सला कळतं आणि आतला ऑइलचा दाब आणि गिअर बदलायची वेळ त्यावर ठरते. सळी न जोडता ‘फक्त एक चक्कर’ मारली तरी क्लच घसरतात, आणि घसरले की जळतात. कार्बपेक्षा कितीतरी महागडं प्रकरण होतं ते. एडेलब्रॉकच्या थ्रॉटल आर्मवर क्रायस्लरची सळी सरळ बसत नाही, त्यासाठी वेगळा अॅडॅप्टर मिळतो, तो कार्बसोबतच मागवा. सळ्यांचे सांधे झिजले असतील तर लोकार कंपनीची केबल लावणारेही आहेत. कसंही करा, कसोटी एकच: थ्रॉटल पूर्ण उघडला की गिअरबॉक्सवरचा लिव्हर मागे टोकाला पोचलेला हवा, आणि थ्रॉटल हलायला लागताक्षणी लिव्हरही हलायला लागला पाहिजे.

इंजिन बंद ठेवून घरातल्या कुणाला तरी पेडल दाबायला बसवा आणि टॉर्च घेऊन वरून कार्बमध्ये बघा. चारही पाती उभी झाली पाहिजेत. पेडल सोडलं की खाडकन मिटली पाहिजेत. परतीच्या स्प्रिंग दोन लावा, एक तुटली तर दुसरी असावी.

चोक. तुमचा जुना चोक मॅनिफोल्डमधल्या खोबणीतल्या कॉइलवर चालतो, तो निघेल. खोबणीवर पत्रा लावून टाका. नव्या चोकला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, तेही चावी फिरवल्यावरच. वायर इग्निशन कॉइलच्या प्लसवरून घेऊ नका. मोपारमध्ये (क्रायस्लरच्या गाड्यांत) मध्ये बॅलास्ट रेझिस्टर (व्होल्टेज कमी करणारा रोध) आहे, कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. चोक अर्धवट तापेल, उशिरा उघडेल आणि प्लग पुन्हा काळे. बॅलास्टच्या आधीची निळी वायर सोयीची वाटते, पण तिच्यावरच व्होल्टेज रेग्युलेटरही आहे. तिच्यावर भार टाकला की रेग्युलेटरला व्होल्टेज कमी दिसतं आणि बॅटरी जास्त चार्ज होते. निळ्या वायरने फक्त रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवा आणि चोकचा करंट फ्यूज लावून बॅटरीकडून घ्या.

पेट्रोलचा दाब. एडेलब्रॉकला साडेसहा पीएसआयच्या वर चालत नाही, साडेपाचच्या आसपास तो सुखात असतो. बाजारातले नवे मेकॅनिकल पंप कधीकधी त्याहून जोरात ढकलतात. मग नीडल व्हॉल्व्ह दाबला जातो, फ्लोट बुडतो, पेट्रोल ओसंडतं आणि शिव्या कार्बला पडतात. गेज लावून मोजा, जास्त निघाला तर रेग्युलेटर लावा.

व्हॅक्यूमच्या नळ्या: पुढची मोठी तोटी पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढणारी झडप). पॉवर ब्रेक असेल तर त्याची नळी मागे. डिस्ट्रिब्युटरची नळी पोर्टेड तोटीला. तिथे आयडलला गेज लावलं तर काटा शून्यावर दिसतो. व्हॅक्यूम गेज तुमच्या हत्यारांत दिसलं नाही, ते मात्र घ्याच.

जुनं_ते_सोनं

तेलकटराव, बाकी सगळं मान्य, पण मूळ कार्ब टाकून द्यायला कुणी सांगू नका. शाफ्टची भोकं रुंदावली असतील तर बुशिंग घालून देणारे कारागीर अमेरिकेत अजून आहेत. एव्हीएसवर पितळी टॅग किंवा नंबर असेल तर तो गाडीच्या जन्माशी जुळतो का ते बघा. उद्या गाडी विकायची झाली तर जुळणाऱ्या नंबरांना किंमत येते. आज नवा बसवा हवं तर, पण जुना कोरडा करून, तेलाचा हात फिरवून डब्यात ठेवा. काढलेला प्रत्येक बोल्ट, ब्रॅकेट, चोकची सळीसुद्धा त्याच डब्यात.

सदू_सांता_क्लारा

२१व्या शतकात अजून जेट आणि स्प्रिंगा? थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचे तयार किट मिळतात, कार्बच्याच जागी बसतात, मिश्रण स्वतःच शिकतात. थंडी, उंची, काहीही असो, चावी फिरवा आणि निघा.

तेलकट_हात

सदूभाऊ, किट चांगलीच असतात, वाद नाही. पण ‘कार्बच्याच जागी बसतात’ हे अर्धसत्य झालं. त्यांना जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप लागतो, बहुतेक वेळा टाकीत. परतीची लाइन लागते आणि १९६९च्या वायरिंगपेक्षा कितीतरी स्वच्छ वीज लागते. बाळ्याकडे शनिवार-रविवार आणि पाने आहेत. शिवाय किकडाउनची सळी इंजेक्शनमध्येही सुटत नाही, ७२७ला ती हवीच. हिवाळ्यात गाडी उभी असताना जरूर करावा हा उद्योग, क्रूझच्या तोंडावर नाही.

मीनल_ऑस्टिन

माझी गाडी वेगळी (ओल्ड्सची कटलस), पण गरम झाल्यावर न पेटण्याबद्दल बोलते, कारण टेक्सासच्या उन्हाळ्यात याच दुखण्याने पिडलंय. नव्या कार्बने ते आपोआप जाईल असं समजू नका.

आजच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या पेट्रोलपेक्षा लवकर उकळतं. इंजिन बंद केलं की खालच्या लोखंडी मॅनिफोल्डची उष्णता वर चढते, बाऊलमधलं पेट्रोल उकळून आत झिरपतं, म्हणजे इंजिन पेट्रोलने ओलंचिंब. पुन्हा सुरू करताना पेडल पंप करू नका. एकदाच तळापर्यंत दाबून तसंच धरा आणि चावी फिरवा. पेटली तर रोग कळला.

उपाय म्हणजे कार्बखाली जाड इन्सुलेटर गॅस्केट. पातळ कागदी नको. एवढ्यानेच माझा निम्मा त्रास गेला. दुसरं म्हणजे रबरी नळ्या. जुन्या नळ्या इथेनॉलने आतून सोलतात, बाहेरून धडधाकट दिसतात आणि त्यांचे काळे कण नीडलमध्ये अडकतात. इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या घाला, लांबी कमीत कमी ठेवा, एक्झॉस्टपासून लांब. आणि तो काचेचा शोभेचा फिल्टर इंजिनवर कृपा करून लावू नका. फुटला तर पेट्रोल कशावर पडेल याचा विचार करा.

बाळ्या, तुमच्या मिशिगनात तळ्याकाठी बोटींसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं. हिवाळ्यात गाडी झाकून ठेवताना तेच भरा. एरवी मात्र ३८३च्या कॉम्प्रेशनला ऑक्टेन पुरतोय का ते बघून.

मिशिगनचा_बाळ्या

मीनलताई, आजच करून बघितलं. पेट्रोल भरलं, दहा मिनिटं थांबलो, पेडल तळाला धरून चावी फिरवली. थोडी खोकली आणि पेटली, मागून काळा धूर! तेव्हा उकळणंच आहे.

ठरलं तर. एव्हीएस२ ६५०, क्रायस्लरचा अॅडॅप्टर, इन्सुलेटर गॅस्केट, नळ्या, रिले, दोन्ही गेज. मूळ एव्हीएस डब्यात, सोनेसाहेब निश्चिंत असा. सदूभाऊ, हिवाळ्यात बोलू.

शेवटचे दोन प्रश्न. पहिल्यांदा सुरू केल्यावर ट्यूनिंग कुठून सुरू करायचं? आणि जाड गॅस्केटने कार्ब उंच झाला तर एअर क्लीनर बॉनेटला लागेल का?

तेलकट_हात

बोल्ट आधी बोटांनी घट्ट करा, मग तिरपे समोरासमोर थोडे थोडे. दात-ओठ खाऊन आवळू नका, बूड वाकतं आणि पुन्हा हवा आत यायला लागते. आयडल मिक्स्चरचे दोन्ही स्क्रू हलकेच बंद करून दीड-दीड फेरा उघडा. गाडी पूर्ण तापू द्या, चोक उघडलाय याची खात्री करा, मग वॅक्यूम गेज लावा. एक स्क्रू पाव फेरा, मग दुसरा पाव फेरा, काटा जास्तीत जास्त वर जाईपर्यंत. आरपीएम वाढला की आयडल स्क्रूने खाली आणा आणि परत तेच. आयडलसाठी थ्रॉटल खूपच उघडा ठेवावा लागला तर थांबा. कुठेतरी हवा गळतेय किंवा टायमिंग मागे आहे, कार्बला छळू नका. रॉड आणि स्प्रिंगांना आठवडाभर गाडी चालवून प्लगचा रंग बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

एअर क्लीनरचं आधी त्याच्या गळ्याचं माप नव्या कार्बच्या तोंडाशी जुळवून घ्या. मग घरात मुलांची खेळायची क्ले असेल तर तिचे चार उंच गोळे करून एअर क्लीनरच्या झाकणावर, मधल्या नटावरही, ठेवा. वर प्लास्टिकचा कागद, आणि बॉनेट अलगद पूर्ण मिटवा. उघडून चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. इंजिन रेस दिल्यावर माउंटवर डोलतं, त्यामुळे नुसता कागद सरकेल एवढी फट पुरत नाही. अर्धा इंच तरी मोकळा हवा. कमी भरला तर कमी उंचीचा एअर क्लीनर शोधा, पण इन्सुलेटर काढू नका.

रंकाळ्याचा_राजा

फोटो राहिले ते राहिलेच! आणि रोड रनरच्या त्या बीप-बीप हॉर्नचा व्हिडिओ पण टाका.

मिशिगनचा_बाळ्या

हॉर्न चालू नाहीये राजाभाऊ. त्याचा धागा वेगळा काढतो.