आमटी-उसळी गोठवून ठेवायच्या आहेत, सोलापूरच्या उन्हाळ्यात जमेल का?

एप्रिलअखेरीस बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला जायचंय, तीन आठवडे तरी. घरी नवरा आणि सासरे. मामंजींना डब्याचं तेल-तिखट सोसत नाही आणि नवऱ्याला गॅस पेटवता येतो, तेवढंच. म्हणून करून गोठवून ठेवावं म्हणतेय.

भाकरीची चिंता नाही, कडक भाकरी आहेच. शेंगाचटणीही डबा भरून ठेवीन. पण मामंजी कडक भाकरी आमटीत कुस्करूनच खातात, त्यामुळे सगळं ओल्यापाशी अडतंय. येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ) लावलेली आमटी वितळल्यावर फुटते का? मटकीची उसळ, डाळकांदा, भरली वांगी यांतलं काय टिकेल? दुसरं म्हणजे आमच्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, पातेलं ओट्यावर निवतच नाही. आणि दुपारची लाईट जाते ती वेगळीच. फ्रीज सिंगल डोअर आहे, मायक्रोवेव्ह नाही.

प्रतिसाद: ताई, आधी त्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीम ठेवून बघा. मऊ राहिलं तर तीन आठवड्यांचं भरू नका, जास्त दिवसांसाठी उणे १८ अंश लागतात. उसळ आणि शिजवलेली डाळ छान टिकते, बटाटा मात्र कुठेच घालू नका, रवाळ होतो. वांगी नकोतच, लगदा होतो. येसर कोरडंच ठेवा, डाळ तेवढी गोठवा. गरम करताना चमचाभर येसर पाण्यात कालवून घालणं साहेबांना जमेल!
निवण्यासाठी परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात पातेलं ठेवा, ढवळत राहा. ३२ अंशांच्या वर हवा असली की शिजलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. डबे एका वेळेपुरते, आणि काठोकाठ भरू नका, गोठताना फुगतं. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढायचं, दुसऱ्या दिवशी खळखळून उकळी. उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

धागाकर्ती: येसराचं पटलं. पण मी नसताना लाईट किती वेळ गेली होती हे यांना कसं कळणार? दोघंही दुपारी झोपतात.

प्रतिसाद: वाटीत पाणी गोठवून वर एक रुपया ठेवा. नाणं बुडालेलं दिसलं तर डबे टाकून द्यायचे, वास घेऊन ठरवायचं नाही. तास-दोन तास लाईट गेली तर दार न उघडलं म्हणजे झालं. मामंजींना तेवढं सांगून जा, पाण्याची बाटली घ्यायला तेच उघडतील.