शब्दचर्चा: रोमन प्रेमकथेतल्या 'लिबेर्ता'ला मराठीत काय म्हणावं?

रोमन ब्रिटनमधल्या एका जोडप्यावर दीर्घकथा लिहिते आहे. ऐतिहासिक प्रेमकथाच म्हणा. अडले आहे एका शब्दावर. तो मी निवडलेला नाही, नवऱ्यानंच बायकोच्या स्मृतिशिळेवर कोरवून घेतलेला आहे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स आहे. तिथल्या रोमन किल्ल्याचं नाव आर्बिया. ही शिळा तिथली, दुसऱ्या शतकातली. वेताच्या खुर्चीत एक बाई बसली आहे. मांडीवर लोकर गुंडाळलेली काठी आणि चाती, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. एका हातानं तिनं दागिन्यांच्या पेटीचं झाकण उघडून धरलं आहे. चेहरा मात्र फुटून गेला आहे. खाली लॅटिन मजकूर आहे. तिचं नाव रेगिना, ब्रिटनमधल्याच कातुवेल्लाउनी जमातीची, वय ३०. शिळा उभारणारा बाराटेस, सीरियातल्या पाल्मिराचा. आणि ती त्याची कोण, तर 'लिबेर्ता एत कोनियुगे'. लिबेर्ता आणि पत्नी.

लिबेर्ता म्हणजे गुलामीतून मोकळी केलेली बाई. आधी तिला विकत घेतलं, मग मोकळी केली, मग लग्न केलं आणि मग पुरलं. या दोन शब्दांत अख्खी कथा आहे, आणि पहिल्यालाच मला मराठी शब्द सापडत नाही.

'मुक्ता' लिहून पाहिलं. फार गोड झालं. मुक्ता म्हटलं की आपल्याला मोती आठवतो, मुक्ताबाई आठवते. 'मोकळी केलेली' लिहिलं, तर आपल्याकडे 'तिला मोकळी केली' म्हणजे नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिली असाही अर्थ निघतो. 'सोडलेली' तर नकोच, ती टाकलेली बाई झाली. 'सुटका झालेली' म्हटलं की तुरुंगातून आल्यासारखी वाटते. जाणकारांनी मदत करावी.

*

ताई, आधी मूळ शब्दाचं वजन बघू, मग मराठी शोधू. रोमन लोकांत मोकळं होणं म्हणजे पूर्ण सुटणं नव्हतं. जुना मालक आता 'पात्रोनुस' होई. मोकळ्या झालेल्या माणसानं त्याचा मान राखायचा, ठरलं असेल ते काम करून द्यायचं. रोमन नागरिकानं गुलाम मोकळा केला तर तो गुलाम मालकाच्याच घराण्याचं नाव लावी. म्हणून लेखांमध्ये 'लिबेर्ता' सहसा एकटी येत नाही, ती अमक्याची लिबेर्ता असते. 'मुक्ता'मध्ये नेमका हा 'ची' गळून पडतो. आपल्या शब्दात मोकळीक देणारा दिसला पाहिजे.

निवेदनात मी 'दास्यमुक्त' वापरेन. जड आहे, पण घोळ होत नाही. संवादात 'बाराटेसनं मोकळीक दिलेली'. 'मोकळीक देणे' यात देणारा वर आणि घेणारा खाली हे आपोआप येतं, आणि सोडचिठ्ठीचा वासही येत नाही.

कायद्याचं एक कलम तुमच्या कथेला उपयोगी पडेल. इसवी सन ४ मधल्या लेक्स ऐलिया सेंतिया या कायद्यानं ३० वर्षांखालच्या गुलामाला पूर्ण नागरिकत्वासह मोकळं करायचं तर मंडळापुढे सबळ कारण दाखवावं लागे, आणि 'हिच्याशी लग्न करायचं आहे' हे मान्य कारणांपैकी एक होतं. हा नियम रोमन नागरिक असलेल्या मालकांचा. बाराटेस नागरिक होता असं शिळा सांगत नाही, तेव्हा तो प्रसंग त्याच्यावर सरळ बसवू नका. पण प्रेमासाठी मोकळं करणं हा व्यवहार त्या जगाला ओळखीचा होता एवढं नक्की. त्याची दुसरी बाजूही लिहा. मालकानं मोकळी करून बायको केलेली बाई त्याची मर्जी नसताना काडीमोड घेऊन दुसरं लग्न करू शकत नसे.

*

वरच्या प्रतिसादात 'काडीमोड' वाचून बरं वाटलं. रोमन कथा मराठीत आल्या की सगळे पौराणिक मालिकेतल्यासारखे बोलू लागतात. दासी, स्वामी, प्रासाद, आर्यपुत्र. रोमन घटस्फोटात 'तुझं सामान तुझ्याकडे ठेव' अशा अर्थाचं एक वाक्य बोलायची रीत होती. त्याला 'विवाहविच्छेद' कसं शोभेल? तिथे काडीमोडच हवी.

असाच एक शब्द सुचवते. गुलामांना कायदेशीर लग्न करता येत नसे. दोघं एकत्र राहिले तर त्याला 'कोंतुबेर्निउम' म्हणत. हा शब्द मुळात छावणीतला, एका तंबूत राहणाऱ्यांचा. भाषांतरात याला कधी 'अनैतिक संबंध' करतात, कधी बाईला 'रखेल' करून टाकतात, आणि दोन्ही अन्यायाचं आहे. अशा जोडप्यांनी एकमेकांच्या थडग्यांवर मोठ्या मायेनं हा शब्द लावलेला आढळतो. आपल्याकडे 'घरोबा' आहे की! 'तिनं त्याच्याशी घरोबा केला' म्हणजे विधी झाला नाही, पण चूल एक झाली. मला तरी याहून जवळचा शब्द दिसत नाही.

आणि 'दासी' शक्यतो टाळाच. आपल्या भाषेत दास होणं ही भक्ती आहे, आपण कौतुकानं स्वतःला देवाचे दास म्हणवतो. त्या शब्दाला चाबूक लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुस्तकाला 'दास्य' असं नाव दिलं नाही, 'गुलामगिरी' दिलं. रेगिनासाठी तर त्याहून नेमका शब्द आहे, बटीक. पेशवाईत बटकी आणि कुणबिणी विकल्या जात. वाचकाला हा शब्द टोचेल, आणि पहिल्या प्रकरणात तो टोचायलाच हवा.

*

'कोनियुगे'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. 'कोनियुक्स' म्हणजे एका जुवाला जोडलेली. त्यातलं 'युगुम' म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. संस्कृत 'युग' त्याचंच भावंड, आणि आपलं 'जू' त्या 'युग'वरूनच आलेलं. म्हणजे तो पाल्मिराचा माणूस लॅटिनमध्ये जे म्हणाला ते सांगलीच्या शेतकऱ्यालाही कळेल. 'धर्मपत्नी' नको. 'जोडीदारीण' चालेल.

शिळेवर व्याकरणाची चूक आहे हेही नोंदवतो. 'रेगिना' कर्त्याच्या रूपात दिसते आणि लगेच पुढे 'कोनियुगे' वेगळ्याच विभक्तीत. लॅटिनवर हात बसलेला नाही. पण त्याखाली पाल्मिरी लिपीत, आरामाईक भाषेत, एक ओळ आहे आणि तिची अक्षरं सफाईदार आहेत. तुमचा नायक लॅटिन अडखळत बोलतो हे त्यावरून धरता येईल.

*

विषयात 'प्रेमकथा' आहे म्हणून थोडं आडवळण. 'रोमान्स' हा शब्दही रोमचाच. लॅटिनपासून फुटलेल्या लोकभाषांत लिहिणं ते 'रोमानिके', त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमांस', मग त्या भाषेतली शूरांची आणि प्रेमाची गोष्ट. आपण 'कादंबरी' म्हणतो ते बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. त्यांनी भाषेचं नाव गोष्टीला दिलं, आपण एका प्रेमात पडलेल्या मुलीचं दिलं. 'ऐतिहासिक प्रेमकादंबरी' हा शब्द मला म्हणूनच फार आवडतो.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. 'बटीक', 'घरोबा', 'मोकळीक' आणि 'जोडीदारीण' चारही घेते आहे, याच क्रमानं. मोजून पाहिलं तर कथेचे चार भाग त्यातच पडतात.

आता त्याहून कठीण प्रश्न. त्या काळच्या लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नाही. गुलाम मालकाला 'तू'च म्हणे, आणि मालक गुलामालाही 'तू'च. मान दाखवायचा तर 'दोमिने', 'दोमिना' अशी हाक लावायची. मराठीत मला पहिल्या वाक्यालाच ठरवावं लागतं. रेगिना त्याला 'तुम्ही' म्हणणार हे उघड आहे. पण मोकळीक मिळाल्यावर? लग्नानंतर? 'अहो' तर तिच्या तोंडी घालवत नाही, एकदम सदाशिव पेठ होते. आणि 'तू' फार लवकर आलं तर मधला सगळा काळ पुसला जातो.

दोन मसुदे केले. एकात ती लग्नाच्या दिवशी 'तू' म्हणते. रोमन लग्नात वधूवरांचे उजवे हात एकमेकांत देत, आपल्या पाणिग्रहणासारखेच. तिथे हात हातात आणि तोंडी 'तू', असं जमून आलं. वाचायला छान, पण मला खोटं वाटलं. दुसऱ्यात ती 'तुम्ही'च म्हणत राहते आणि एका संध्याकाळी लोकर कातताना, चाती हातातून निसटते तेव्हा, तिच्या तोंडून 'अरे, धर ना' निघून जातं. दोघंही गप्प होतात. मग तो वाकून चाती उचलून देतो. हाच ठेवणार आहे.

*

दुसराच ठेवा. आणि तो तिला काय म्हणतो? 'रेगिना' म्हणजे राणी. बाजारात विकलेल्या मुलीचं नाव राणी.

*

तो 'रेगिना'च म्हणेल. मराठी करून 'राणी' केलं तर लाडाचं होतं आणि तिच्या नावातली जखम वाचकाला दिसत नाही. अर्थ एकदाच सांगेन, तोही तिच्याच तोंडून.

शेवटची शंका त्या पाल्मिरी ओळीबद्दल. ती इतकीच आहे: 'रेगिना, बाराटेसची दास्यमुक्त, हबल.' लॅटिन मजकुरात दुःखाचा एकही शब्द नाही, तो फक्त इथे, त्याच्या स्वतःच्या भाषेत आहे. आणि तिथे कोण असेल ती ओळ वाचणारं? 'हबल'ला 'अरेरे' लिहिलं तर लांबून हळहळल्यासारखं वाटतं. 'हाय' लिहिलं तर नाट्यगीत होतं. माझी आजी कुणी गेल्याचं कळलं की नुसतं 'गेली गं' म्हणायची आणि जात्यापाशी बसून राहायची. तूर्त तेच लिहून ठेवलं आहे: 'रेगिना, बाराटेसनं मोकळीक दिलेली. गेली.' कुणाला याहून बरं सुचलं तर सांगा.