मांजर बहुधा जवळच आहे
सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या एकांची पाळीव मांजर दोन दिवस बेपत्ता आहे आणि त्यांच्या पोस्टवर सगळे पार सात रस्ता चौकापर्यंत पत्रकं लावायला सांगताहेत. आधी शेजारची घरं नीट बघा हो! घरातच वाढलेलं मांजर घाबरलं की बहुधा दोन-चार घरांच्या आतच दडून बसतं, मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. रात्री अकरानंतर, रहदारी थांबली की बॅटरी स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून जिन्याखाली, गाड्यांखाली, टाकीमागे प्रकाश टाका. दोन हिरवट ठिपके चमकतील. दिसली तर धावू नका. खाली बसा, सुकटाची वाटी पुढे सरकवा. पत्रकात एक खूण मुद्दाम लपवा, फोटोत न दिसणारा पोटावरचा डाग वगैरे. "सापडलीय, आधी पैसे पाठवा" म्हणणाऱ्याला तीच खूण विचारा.