भाचीला वडिलांचं प्रकरण कळलंय, ताईला अजून नाही. काय करावं?

माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने भावोजींच्या फोनवर त्यांचे आणि ऑफिसातल्या एका बाईंचे मेसेज वाचले. तिने त्यांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "आईला सांगू नकोस, घर मोडेल." म्हणजे घर टिकवायचा भार त्या पोरीवर! ती नीट जेवत नाही, आई खोलीत आली की उठून जाते. शेवटी माझ्याजवळ रडली.

मी भावोजींशी बोलले. म्हणाले, "तुझ्या ताईबद्दल काही तक्रार नाही. पण त्यांच्याशी बोललं की मी पुन्हा कुणीतरी आहे असं वाटतं." मला यात तथ्य वाटतं, पण म्हणून ते क्षम्य ठरत नाही. शर्ली ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात बाहेर संबंध असलेल्या पुरुषांपैकी ५६ टक्के आणि बायकांपैकी ३४ टक्के जणांनी आपला संसार सुखाचा असल्याचं सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण उद्या बोभाटा झाला की "तुझंच काहीतरी कमी पडलं असेल" हे ताईलाच ऐकावं लागणार.

ग्लास म्हणत, नवरा-बायकोत खिडकी हवी आणि बाहेरच्यांसाठी भिंत. प्रकरणात हे उलटं होतं. इथे तर भावोजींनी लेकीलाही भिंतीपलीकडे ओढलंय. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन," असं मी त्यांना बजावलंय. ते वेळ मागताहेत. किती द्यावा? तोवर त्या मुलीने रोज आईसमोर नाटक करायचं?

दुसरं, लेकीला आधीच माहीत होतं हे कळल्यावर ताईला तेही लागणार. "माझ्या पोटच्या पोरीनेही लपवलं" असं तिच्या मनात यायला नको. हे तिला कुणी आणि कसं सांगावं? अशा धक्क्यानंतर झोप उडते, तेच तेच डोळ्यांसमोर येतं, माणूस सारखे फोन तपासत बसतो, हे वाचलंय. त्या अवस्थेत ती मुलीला कितपत समजून घेईल याची धास्ती वाटते. समुपदेशकाकडे आधी भाचीला न्यावं की सगळं उघड झाल्यावर दोघींना?

ताईने नवऱ्याला सोडावं की नाही हे कृपया इथे नको, ते तिचं ती ठरवेल. लहानपणी आईवडिलांचं असं गुपित ज्यांना सांभाळावं लागलं त्यांनी जरूर लिहा. तेव्हा घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने नेमकं काय केलं असतं तर तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं असतं?