पोलीस भरती करताना हाताशी दुसरं काही ठेवावं का?

डांबरीवरचा
गाव दारव्हा तालुक्यात. पहाटे साडेचारला सातजण पळायचो, आता तिघं उरलो. वय 26, खुला प्रवर्ग, म्हणजे 28 ला दार बंद. 1600 मीटरला 5:34 लागतात. पूर्ण 20 गुण हवे तर 5:10 च्या आत यावं लागतं. बाबा म्हणतात, आयटीआयला वायरमनचा फॉर्म टाक, हाताशी काही असू दे. मला वाटतं, हाताशी काही असलं की पाय ढिले पडतात. शिन आणि मिल्कमन या दोन संशोधिकांचा 2016 चा प्रयोग आहे. विस्कटलेल्या शब्दांची वाक्यं जुळवा, चांगलं जमलं तर फुकट खाऊ. ज्यांना आधी 'नाही जमलं तर फुकटचं दुसरीकडे कुठं मिळेल' याचा विचार करायला लावला, ते मागे पडले. मी फॉर्म भरत नाही. चुकतंय का?

वावरवाला
काहून रे भाऊ, तुह्या वावरात नुसती कपाशीच हाय का? आठ ओळी कपाशीच्या आन् एक तुरीची, हे काय येड्यानं पेरलं? 2017 ले बोंडअळीनं कपाशी खाल्ली तवा आमच्या घरी तुरीनंच बियाण्याचे पैसे काढले. शेजारी तूर हाय म्हणून पऱ्हाटी रुसून बसली नाही.

काट्यावर बसलेला
पटलं नाही. तूर सुरुवातीला हळू वाढते, कपाशीच्या आड येत नाही, म्हणून ते जमतं. माणसाची पहाट एकच असते. मी हंगामापुरतं म्हणून जिनिंगमध्ये काट्यावर बसलो. दिवसभर गाड्या मोजायच्या, रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. सहावा हंगाम चालू आहे. बूट अजून खुंटीला लटकलेत, त्यात पालीनं अंडी घातली. भाऊ, फॉर्म भरू नको.

आठशे मीटर
तुम्हा पोरांना हा प्रश्न पडतो तरी. आमचा प्लॅन बी घरच्यांनी आधीच ठरवलेला असतो, आणि त्याची तयारी माझ्या पळण्यापेक्षा जोरात चालते. दर रविवारी पोहे. मी शेवटी एएनएमचा, म्हणजे नर्सिंगचा, फॉर्म गुपचूप भरला. नंबर लागला तसे पोहे बंद झाले, आणि वेळही सुधारली, कारण पळताना डोक्यात पाहुणे नसतात. पाय ढिले पडतात म्हणणाऱ्याच्या मागे कोणी लागलेलं नसतं.

दोन्ही बाजूंचा वैरी
धागाकर्त्या, तो प्रयोग अर्धाच सांगितलास. दुसरी वाट ठेवूच नका, असं त्या म्हणत नाहीत; आधी जीव तोडून प्रयत्न करा, वाटेचा विचार नंतर, असं सुचवतात. शिवाय ते काही मिनिटांचं काम होतं, तुझी दोन वर्षं आहेत. वायरमनही दोन वर्षांचाच. आज घेतलास तर संपेल तेव्हा तू 28 चा. आयटीआयला वयाची वरची अट नाही, भरतीला आहे. म्हणजे थांबू शकतं ते कोणतं, बघ. बाबांचं चुकत नाही, त्यांची वेळ चुकते.

वावरवाला
ते राहू दे. 5:34 कोनं मोजलं? मोबाईल खिशात ठेवून पळतं का?

डांबरीवरचा
बाबांनी. रोज टॉर्च घेऊन मैलाच्या दगडापाशी उभे असतात.