प्रति: पिनपॉइंटर खड्ड्यात सगळीकडेच वाजतो

वर विचारलंय, पिनपॉइंटर (खणलेल्या जागी धातूची वस्तू नेमकी शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर) खड्ड्यात सगळीकडेच वाजत असेल तर वस्तू नेमकी शोधायची कशी? आधी तो धातूपासून लांब, हवेत धरून सुरू करा. बरेच पिनपॉइंटर सुरू होताना भोवतालची स्थिती शून्य धरतात. मग वाजायला लागला की तिथेच धरून रीट्यून करा, म्हणजे तीच स्थिती शून्य धरायला लावा (त्याचं बटण नसेल तर बंद करून चालू). त्याची धातू ओळखायची कक्षा आकसते आणि टोक अगदी जवळ गेल्यावरच आवाज येतो. मोठ्या वस्तूला तर हाच उपाय. खाऱ्या ओल्या मातीत मात्र संवेदनशीलता कमीच ठेवा. मोठ्या मेटल डिटेक्टरची चालू कॉइलही (जमिनीवर फिरवायची चकती) शेजारी नको, दोघं एकमेकांवरच ओरडत बसतात. आणि हो, हातातली अंगठी काढून ठेवलीय ना? तीही धातूच.