ट्रेनिंग कोणतं घ्यायचं हे कोण ठरवणार, वर्गात उभा राहणारा की पत्र काढणारा?

खडूची_पावडर

नमस्कार मंडळी. झेडपीच्या शाळेवर 14 वर्षं झाली, दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, मेळघाटाच्या पायथ्याचं गाव, निम्मी पोरं घरी कोरकू बोलतात. मागच्या आठवड्यात तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आलो तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून लिहितोय.

सकाळी साडेदहाची सही, संध्याकाळी पाचची सही, मध्ये सुलभक, म्हणजे ट्रेनिंग देणारा, स्लाइड वाचून दाखवणार. मागच्या वर्षीच्याच स्लाइड, फक्त खालची तारीख बदललेली, आणि एका स्लाइडवर तीही बदलायची राहून गेली होती. सुलभकाला तरी काय बोलणार, तो आपल्यातलाच एक, त्याला वरच्या ट्रेनिंगमध्ये जे मिळालं ते तो खाली ओततोय. राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, आमच्यापर्यंत येईस्तोवर नळाला नुसती हवा.

पण दुसऱ्या दिवशी डबा खाऊन हात धुवायला गेलो तर शेजारच्या गावच्या एक मॅडम नळापाशी उभ्या होत्या, हातात एका पोराची वही. मला म्हणे सर हे बघा, तुमच्याकडेही होतं का? पोराने 'एकोणपन्नास' अंकात 59 लिहिलं होतं. अहो होतं म्हणजे काय, दरवर्षी होतं! 29 चं 39, 49 चं 59. पोराला 'पन्नास' ऐकू येतं, तो पन्नासचा पाच लिहितो, बरोबरच आहे त्याचं. मॅडम काय करतात तर काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून देतात आणि जमिनीवर खडूने घरं आखतात, तिसाचं घर, चाळिसाचं, पन्नासाचं. मग म्हणतात, हा एकोणपन्नास पन्नासच्या दारात उभा आहे, एक काडी कमी आहे म्हणून आत घेत नाहीत, मग सांग अजून कोणाच्या घरातला? पोरं ओरडतात, चाळिसाच्या! एकोण म्हणजे एक उणा हे मला डीएडला कोणीतरी सांगितलं असेलही, पण दाराची गोष्ट नाही सांगितली. सोमवारी वर्गात करून पाहिलं. चौघांपैकी तिघांचं सुटलं.

तीन दिवसांत मला उपयोगाचं मिळालं ते या दहा मिनिटांत, आणि ती दहा मिनिटं कुठल्याच हजेरीपटावर नाहीत.

तर माझं म्हणणं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण लिहिलंय, आणि ते शिक्षकाच्या स्वतःच्या आवडी-गरजेवरून व्हावं असंही तिथंच लिहिलंय. आपण 50 हा आकडा तेवढा उचलला, पुढचं वाक्य सोडून दिलं. निम्मे तास तरी आमच्यावर सोडा. महिन्याच्या शिक्षण परिषदेत, आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात तिथं, दोन खोल्या उघडा, ज्याला जे दाखवता येतं त्याने आदल्या आठवड्यात ग्रुपवर टाकावं, बाकीच्यांनी आपली खोली निवडावी, नाही जमलं तर गुपचूप उठून दुसऱ्या खोलीत जावं, कोणी राग धरायचा नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 2010 साली शिक्षकांनी असंच सुरू केलं, एडकॅम्प म्हणतात त्याला, बाहेरचा पाहुणा वक्ता नाही, फी नाही. आपल्याला तर खोल्याही आयत्या आहेत.

बोला.

माजी_केंद्रप्रमुख

सर, तुमची नळापाशीची गोष्ट आवडली, पण माझा विरोध आहे आणि तो हवेतला नाही.

मी केंद्रप्रमुख असताना, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट माझ्याकडे असताना, एका वर्षी सगळ्यांकडून मागणीपत्रं भरून घेतली होती, की बाबांनो तुम्हाला काय शिकायचंय ते लिहा. निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं एक्सेल, पीपीटी, ऑनलाइन माहिती कशी भरावी. एकाने लिहिलं ताणतणाव व्यवस्थापन. भागाकार एकानेही लिहिला नाही. आणि त्याच केंद्रात मी चौथीचे वर्ग तपासले तेव्हा 84 भागिले 4 करताना पोरं बोटं मोडत बसली होती, काही ठिकाणी गुरुजींनीच फळ्यावर चुकवलं.

माणूस जे जमतं तेच अजून निवडतो आणि जे जमत नाही ते झाकतो. मीही तेच केलं असतं. म्हणून कोणीतरी बाहेरून सांगणारा लागतो की बाबा तुझा भागाकार कच्चा आहे, ये बस. सगळंच आवडीवर सोडलं तर गणिताची खोली रिकामी आणि मोबाईलवर व्हिडिओ बनवायची खोली फुल्ल.

आलुबोंडा_गट

मी तिसरी खोली निवडतो सर. जिथं आलुबोंडा गरम असते.

वावरातला_बाप

मास्तर लोक बोलून राह्यले म्हणून मी बी बोलतो. माह्यं पोट्टं तिसरीत हाये. तुमच्या दोन खोल्या झाल्या, तीन झाल्या, पण आमच्या शाळेतच दोन मास्तर हायेत, एक ट्रेनिंगले गेला का दुसऱ्याले चार वर्ग, अन् दोघं बी गेले का कुलूप. मागच्या साली दिवाळीनंतर कापूस वेचाले पोट्टे तसेच वावरात जातात, बाया म्हणतात शाळेत मास्तरच नाही त कायले पाठवा. मंग तुमच्या हजेरीत त्याची गैरहजेरी लागते. तुमची गैरहजेरी कोण लावते?

आपल्या आवडीनं शिका का साहेबाच्या आवडीनं शिका, मले त्याच्याशी काही घेणं नाही. शाळा उघडी ठेवा.

दोन_पोरं_एक_स्कूटी

@माजी_केंद्रप्रमुख सर, रागावू नका पण आम्ही एक्सेल का मागतो ते सांगू का? कारण रात्री 11 ला ग्रुपवर लिंक पडते, 'उद्या 10 पर्यंत माहिती भरा, अन्यथा'. ते अन्यथा वाचून झोप उडते. ज्या कामावरून बोलणी खावी लागतात तेच शिकावंसं वाटणार ना. भागाकार आला नाही म्हणून मला आजवर एकही नोटीस आली नाही, यूडायसची, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती उशिरा भरली म्हणून आली. तुमच्या मागणीपत्रात आम्ही खोटं नव्हतो बोलत, आमची नोकरी कशाची झालीय तेच लिहून दिलं होतं.

आता खडूची_पावडर सरांना. कल्पना चांगली आहे पण दाखवणारे कोण? प्रत्येक केंद्रात तीनच जण असतात, त्यातली एक मी. नवोपक्रम मीच लिहायचा, स्पर्धेला पोरं मीच न्यायची, आता खोलीही मीच चालवायची. बाकीचे 'निवडणार', म्हणजे मागच्या बाकावर बसून मोबाईल. आणि शेवटची बस सव्वापाचला, स्कूटी पंक्चर झाली तर माझी निवड बसवाला करतो.

पवित्र_वरून_आलेला

मी मूळचा कोल्हापूरकडचा, 2024 च्या भरतीत पवित्र पोर्टलवरून गडचिरोलीत आलो, शिक्षणसेवक आहे, तीन वर्षं महिना 16 हजारात काढायचीत. इथली पोरं माडिया बोलतात. पहिल्या दिवशी मी 'पाणी प्यायचंय का' विचारलं तर सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागली राव.

मला खरं सांगायचं तर निवड नकोच आहे. काय निवडायचं हे कळायला आधी काहीतरी यायला पाहिजे ना. चार वर्ग एका खोलीत कसे सांभाळायचे हे कोर्समध्ये कुणी दाखवलंच नाही, पाठाच्या परीक्षेला सगळा एकच वर्ग असतो, पोरं पुढं शहाण्यासारखी बसलेली. मला कुणीतरी हाताला धरून दोन आठवडे त्याच्या वर्गात बसवून घ्या, मग निवडतो मी. ज्यांची 14 वर्षं झालीत त्यांनी खुशाल निवडावं, नवीन माणसाला बंधनकारकच द्या. फक्त स्लाइड नको, वर्ग द्या.

पेन्शन_2009

इथे खोल्या उघडा म्हणताय आणि तिकडे सुप्रीम कोर्टाने 1 सप्टेंबर 2025 ला निकाल देऊन ठेवलाय, ज्यांची निवृत्तीला 5 वर्षांपेक्षा जास्त उरलीत त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं नाहीतर घरी. आमच्या शाळेत 45 वर्षांचे सर मधल्या सुट्टीत मानसशास्त्राचे पर्याय पाठ करतायत. अ, ब, क, ड, एवढीच निवड उरली आहे आपल्याला.

माजी_केंद्रप्रमुख

@दोन_पोरं_एक_स्कूटी मॅडम, लिंकांबद्दल बोललात ते मान्य, मीही त्या पुढे ढकलत होतो, मलाही वरून यायच्या.

पण 'शिक्षकाकडून शिक्षक शिकला की झालं' हे काही खरं नाही. साताऱ्याचं कुमठे बीट, तो शाळांचा गट, आठवतं का? ज्ञानरचनावादी वर्ग, म्हणजे पोरं स्वतः करून शिकतात असे, सगळं शिक्षकांनी स्वतः उभं केलेलं, कुठल्या कंपनीचं नव्हतं. 2015 च्या त्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात आपल्याकडून गाड्या भरभरून लोक बघायला गेले, मीही गेलो, विदर्भातून साताऱ्याला, एक रात्र अख्खी खुर्चीवर. आल्यावर काय झालं? सगळ्यांनी फरशीवर ऑइलपेंट मारला. गोल, चौकोन, सापशिडी, बाराखडीचं झाड. आणि पोरं त्या गोलांवर मांडी घालून बसून पुन्हा फळ्यावरचं उतरवून घेतायत. पद्धत साताऱ्यातच राहिली, रंग तेवढा आला. शिक्षकांनीच शिक्षकांचं पाहून केलेलं होतं हे.

दोन_पोरं_एक_स्कूटी

कारण एक दिवस जाऊन फोटो काढून आलो ना सर! तिथल्या बाईंना चार महिन्यांनी विचारायची सोय होती का की अहो आमच्याकडे हे चालत नाहीये, काय चुकतंय? शेजारच्या गावची मॅडम पुढच्या महिन्यात पुन्हा भेटते. तिला माझा वर्ग माहीत आहे, माझी पोरंही माहीत आहेत, तिच्यापुढे मला शहाणपणा करता येत नाही.

बाय द वे एकोणपन्नासवरून आठवलं. 2019 ला दुसरीच्या गणितात 'सत्तावीस' सोबत 'वीस सात' आलं तेव्हा टीव्हीवर केवढा दंगा, विधानसभेपर्यंत गेलं, सगळ्या महाराष्ट्राला एकदम मराठीचा उमाळा आला होता. आम्ही वर्गात ते आधीपासून करत होतो हो. पुस्तकात यायच्या आधी कोणी आम्हाला विचारलं नाही आणि दंगा झाल्यावरही विचारलं नाही.

वावरातला_बाप

ताई माह्यं उत्तर कोणी देल्लं नाही अजून.

खडूची_पावडर

दादा तुमच्यापासूनच सुरू करतो. तुमचं म्हणणं शंभर टक्के. पाच-पाच दिवस शाळा सोडून तालुक्याला जाणं मलाही नको आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, परिषद दुपारी लावली तर कुलूप लागत नाही. संघटनावाले म्हणतील आमचा वेळ, म्हणू द्या, मी येईन. पण सगळ्यांवर सक्ती करता येणार नाही हेही खरं, आणि मॅडमची सव्वापाचची बस आहेच, म्हणून तीनपर्यंत संपवायचं.

केंद्रप्रमुख सर, भागाकाराचं तुमचं बरोबर आहे. मी तीन दिवस त्यावर विचार करतोय आणि मला उत्तर नव्हतं. निवड म्हणजे आवड असं मी लिहून बसलो होतो. नळापाशी मॅडम 'मला काय आवडतं' घेऊन उभ्या नव्हत्या, वही घेऊन उभ्या होत्या. तर असं करू, खोलीत यायचं तर तीन वह्या घेऊन यायच्या, नीटनेटक्या नाही, चुकलेल्या. विषय त्या वह्यांवरून ठरेल. पोराच्या वहीत भागाकार चुकलेला असेल तर मला एक्सेलच्या खोलीत लपता येणार नाही, आणि 'तुझा भागाकार कच्चा' असं कोणी तोंडावर म्हणायचीही गरज नाही, वहीच बोलेल.

कोल्हापूरकर भाऊ, तुमचं वेगळं काढलं पाहिजे, नवीन माणसाला ही खोली पुरणार नाही हे मान्य.

माजी_केंद्रप्रमुख

वह्यांचं जमू शकतं. पण गुरुजी लोक घरी बसून पोरांकडून चांगल्या वह्या लिहून घेतील, मी ओळखून आहे सगळ्यांना. तपासायला कोणी पाहिजेच.

दोन_पोरं_एक_स्कूटी

सर तुम्ही रिटायर झालात ना? मग तुम्हीच या. तपासायला नको, एक खोली तुम्ही घ्या. भागाकाराची.

माजी_केंद्रप्रमुख

गुडघे दुखतात. खालच्या मजल्यावर असेल तर बघू.

आलुबोंडा_गट

झेडपीच्या शाळेला वरचा मजला कुठून आला सर 😂

वावरातला_बाप

शनवारी दुपारी चालते. मंग एक सांगा, मी पोट्ट्याची वही घेऊन आलो त बसू देसान का? मले शिकाचं नाही, आयकाचं हाये.

खडूची_पावडर

या ना दादा. फक्त पोराला विचारून आणा, त्याची वही आहे ती.

पवित्र_वरून_आलेला

सर ते काड्यांचं जरा सविस्तर सांगा ना, माझ्याकडं उद्या तिसरीचा तास आहे. किती काड्या लागतात आणि कशाच्या घ्यायच्या?

खडूची_पावडर

शंभर काड्या नऊ-दहा पोरांच्या गटाला पुरतात, रबर दहा घ्या, तुटतात म्हणून दोन जास्तच ठेवा. मी आधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, घेतल्या होत्या, पोरांच्या हाताला टोचल्या. मॅडम खराट्याच्या घेतात, जुन्या खराट्याच्या, बोटाएवढ्या कापून. पहिल्या दिवशी गठ्ठे तुम्ही बांधू नका, पोरांनाच बांधू द्या, अर्धा तास गोंधळ होईल तो होऊ द्या. आणि 49 ला जाण्याआधी 19 वर थांबा, विसाच्या दारात आधी उभं करा त्याला.